टेबल टेनिस खेळून पोट भरतं का?

बुऱ्हाणपूरला जायचं मला तसं काही कारण नव्हतं. बायकोचं माहेर जळगावचं, तिची मावसबहीण बुऱ्हाणपुरात दिलेली आणि त्यांच्याकडे वास्तुशांत. वास्कोहून गोवा एक्सप्रेसने भुसावळ आणि तिथून दुसऱ्या गाडीने पुढे तासाभराचा प्रवास, असं करत पोचलो. आपल्याला बुऱ्हाणपूर म्हटलं की शाळेतला इतिहास आठवतो. १६८१ साली संभाजीराजांच्या फौजेने केलेली लूट आठवते, आणि १६३१ मध्ये मुमताजमहल इथेच गेली, ताजमहालाच्या आधी तिला इथेच तापीपलीकडे पुरलं होतं, हेही आठवतं. प्रत्यक्षात गाव आहे यंत्रमागांचं. सकाळी जाग येते ती मागांच्या खडखडाटाने. बाजारात मराठी, हिंदी, उर्दू, निमाडी सगळं एकमेकांत कालवलेलं. माव्याची जिलेबी आणि दराबा ही दोन पक्वान्नं तर अशी की मधुमेहाच्या माणसाने या गावात उतरूच नये.

पण आज लिहायचंय ते जिलेबीवर नाही.

साडूंचे चार माग आहेत. मोठा मुलगा कॉमर्सला, धाकटी मुलगी नववीत. ही धाकटी टेबल टेनिस खेळते. 'खेळते' म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत खेळते तशी नव्हे. रोज पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी पुन्हा अडीच तास. वास्तुशांतीच्या दिवशीसुद्धा सत्यनारायणाची आरती झाली आणि पोर पिशवी घेऊन पसार! आई ओरडत राहिली. मी म्हटलं, चला, बघून तरी येऊ.

एका शाळेचा हॉल. दोन टेबलं. त्यातल्या एकाची फळी कधीतरी पावसाळ्यात पाणी पिऊन डाव्या कोपऱ्याला फुगलेली. शाळेचे व्यायामशिक्षक स्वतः विद्यापीठाकडून खेळलेले, ते शिकवतात. वेगळा पगार नाही, हौस. गंमत अशी की या मुलीला त्या फुगलेल्या जागेचा अचूक अंदाज आहे. चेंडू तिथे टाकला की तो भलतीकडेच उडतो आणि समोरचा हमखास फसतो. दोन गुण तिने माझ्या डोळ्यांदेखत असे काढले आणि हसली. सर मात्र हसले नाहीत. मला म्हणाले, "हे इंदूरला कामाचं नाही हो. तिथली टेबलं सपाट असतात."

इंदूर म्हणजे अभय प्रशाल. मध्य प्रदेशातल्या टेबल टेनिसची पंढरीच ती. बुऱ्हाणपूरहून सुमारे १८० किलोमीटर, आणि तेही इच्छापूर-इंदूर रस्त्याने, घाट उतरत-चढत. राज्यपातळीवरच्या स्पर्धेला जायचं तर पहाटेची बस, लॉज, दोन दिवसांचं जेवण आणि सोबत आई किंवा बाप. म्हणजे तेवढे दिवस दोन माग बंद. बॅटचा खर्च वेगळाच. आपण लहानपणी कुणाच्या तरी घरी जेवणाच्या टेबलावर पुस्तकांचं नेट लावून खेळलो, त्या बॅटा निराळ्या. इथे लाकूड एका कंपनीचं, पुढचं रबर एका कंपनीचं, मागचं दुसऱ्या. चांगल्या परदेशी रबराला काही हजार रुपये पडतात आणि रोज चार तास खेळणाऱ्याचं ते काही महिन्यांत मरतं. 'मरतं' हा शब्द तिचाच. "काका, रबर मेलं की स्पिन होत नाही."

रात्री गच्चीवर जिलेबी खाताना साडूंनी विषय काढला. "दादा, तुम्ही लिहिता-वाचता. एक विचारू? यात करियर बनतं का? म्हणजे पोरीचं पोट भरेल का यावर? नाहीतर दहावीला आता अभ्यासाला लावतो आणि हे बंद."

मी काहीतरी गुळमुळीत बोललो. खेळाने शिस्त लागते वगैरे. प्रश्न पोटाचा होता आणि मी उत्तर दिलं शिस्तीचं. परतीच्या प्रवासात गाडीत त्याची लाज वाटत राहिली. म्हणून हे लिहितोय. साडू वाचतील, कारण दुवा मीच पाठवणार आहे.

पहिली गोष्ट अशी की भारतात टेबल टेनिसचा 'व्यावसायिक खेळाडू' हा शब्द थोडा फसवा आहे. क्रिकेटपटू खेळाच्या पैशावर जगतो. आपला टेबल टेनिसपटू वर्षानुवर्षं जगला तो नोकरीवर. राष्ट्रीय स्पर्धांचे जुने निकाल काढून बघा. खेळाडूच्या नावापुढे कितीतरी वेळा राज्य नसतंच. रेल्वे असते, रिझर्व्ह बँक असते, पेट्रोलियम कंपन्यांचं क्रीडा मंडळ असतं. खेळाडू हजेरीपटावर कर्मचारी, प्रत्यक्षात टेबलापाशी. लोक याला नावं ठेवतात. कामावर न जाता पगार, म्हणे. मला उलट वाटतं. या देशाने खेळाडूंसाठी शोधून काढलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट कुठली असेल तर ती ही नोकरी. कारण पहिल्या दोघा-तिघांची काळजी जग घेतंच. देशात विसाव्या, तिसाव्या क्रमांकावर असलेल्या खेळाडूचं काय? तो नसेल तर पहिला सराव कुणाशी करणार?

शरत कमलचंच उदाहरण घ्या. चेन्नईचा हा माणूस राष्ट्रीय एकेरीचा दहा वेळा विजेता. कमलेश मेहतांचा आठ विजेतेपदांचा विक्रम त्याने २०१९ मध्ये मोडला आणि दहावं विजेतेपद २०२२ मध्ये मिळवलं. राष्ट्रकुल स्पर्धांत सात सुवर्णपदकं. स्वीडन, स्पेन, जर्मनीतल्या क्लबांकडून खेळला, म्हणजे खऱ्या अर्थाने व्यावसायिक. तरीही पाठीशी इंडियन ऑइलची नोकरी होतीच. जो शिखरावर होता त्यालाही पायाखाली ही फळी लागली. मग बाकीच्यांचं काय बोलायचं?

आता म्हणाल, लीग आली की! २०१७ साली अल्टिमेट टेबल टेनिस सुरू झाली. आपल्या नावाचा संघही आहे त्यात, गोवा चॅलेंजर्स. २०२३ ला पुण्यात जिंकले, २०२४ ला चेन्नईत पुन्हा जिंकले. मीही टीव्हीपुढे बसून ओरडलो, खोटं कशाला बोलू. पण लीग चालते वर्षातून काही आठवडे. आणि कोविडच्या काळात, २०२० ते २०२२, ती झालीच नाही. सलग तीन वर्षं. लीगच्या भरवशावर घर चालवणारा खेळाडू असता तर त्या तीन वर्षांत त्याने काय खाल्लं असतं? बँकेतल्या, तेल कंपनीतल्या खेळाडूचा पगार मात्र एक तारखेला झाला.

म्हणून मला काळजी वाटते ती लीगची नाही, नोकऱ्यांची. सरकारी कंपनी विकली जाते तेव्हा तिच्या इमारतींची, यंत्रांची, जमिनींची किंमत होते. तिथे खेळाडूंसाठी राखलेल्या खुर्च्यांची मोजदाद कोणी करत नाही. एअर इंडिया २०२२ च्या जानेवारीत टाटांकडे गेली. चांगलं झालं की वाईट, ते अर्थतज्ज्ञांनी ठरवावं. पण एकेकाळी खेळाडूंना नोकरी देणाऱ्यांत तिचं नाव होतं, हे त्या चर्चेत कोणाला आठवल्याचं माझ्या वाचनात आलं नाही.

आता एका मराठी मुलीबद्दल लिहितो. ठाण्याची मधुरिका पाटकर. जन्म १९८७ चा. २००० साली ती तेरा वर्षांची असताना चेंडूच बदलला, ३८ मिलिमीटरचा ४० चा झाला, आणि मोठा झाल्यामुळे त्याचा वेग, फिरकी सगळं बदललं. पुढच्याच वर्षी २१ गुणांचा गेम ११ वर आला. म्हणजे मागे पडून सावकाश सावरायची सोय गेली. २००८ मध्ये रबराला वेग देणाऱ्या गोंदावर बंदी आली. २०१४ मध्ये सेल्युलॉइडचा चेंडू जाऊन प्लास्टिकचा आला. २०२४ च्या जुलैत फौजदारी कायदे बदलले तेव्हा आमच्या ओळखीचे वकील केवढे हैराण झाले होते! टेबल टेनिसच्या खेळाडूला दर पाच-सात वर्षांनी आपली सगळी विद्या मोडून पुन्हा जुळवावी लागली आणि त्याची बातमीही झाली नाही.

मधुरिका राष्ट्रीय विजेती झाली ती २०१७ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर. ज्या वयात घरचे लोक 'आता पुरे' म्हणतात त्या वयात. आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धेची महिला सांघिक अंतिम लढत, समोर सिंगापूर. २००२ मध्ये राष्ट्रकुलात टेबल टेनिस आलं तेव्हापासून हे सुवर्णपदक सिंगापूरशिवाय कोणाकडे गेलंच नव्हतं. पहिल्या सामन्यात मनिका बत्राने ऑलिंपिक पदकं मिळवलेल्या फेंग तियानवेईला हरवलं. साऱ्या देशाला तेवढंच आठवतं आणि ते रास्तच आहे. दुसऱ्या सामन्यात मधुरिका यु मेंगयुकडून हरली. बरोबरी. आता तिसरा सामना दुहेरीचा आणि त्यात पुन्हा मधुरिकाच, जोडीला मौमा दास. समोरच्या जोडीत पुन्हा तीच यु मेंगयु, जिने काही मिनिटांपूर्वी हिला हरवलं होतं. मधुरिका-मौमा जिंकल्या. चौथा सामना मनिकाने जिंकला आणि सुवर्ण आपलं. त्या संघात पुण्याची पूजा सहस्रबुद्धेही होती.

मला विचाराल तर या खेळातलं करियर म्हणजे तो मधला अर्धा-पाऊण तास. हरायचं, घाम पुसायचा, बॅटवर हात फिरवायचा आणि जिने हरवलं तिच्याचसमोर पुन्हा उभं राहायचं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो दुसरीचा. आणि तो तिचाच असायला हवा याबद्दल मनात खळखळ ठेवायची नाही. हे ज्याला जमतं त्यानेच यात राहावं.

आता दुसरी बाजू. ती न सांगता साडूंना उत्तर दिलं तर मी लबाड ठरेन. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेसाठी संघ निवडला गेला. मुंबईची दिया चितळे त्यात नव्हती. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली. पुढे तिचा समावेश झाला आणि त्यासाठी बंगळुरूच्या अर्चना कामतचं नाव गेलं. दोघीही गुणी, दोघींनी बालपण टेबलापाशी घालवलेलं. चूक ना हिची, ना तिची. पण वयाच्या विसाव्या-बाविसाव्या वर्षी सरावाऐवजी वकिलाकडे बसावं लागतं, हेही या करियरमध्ये येतं. आमच्या साडूंना वकिलाची फी परवडेल का, हा प्रश्न मी त्यांना विचारला नाही.

त्याच अर्चनाने २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकच्या सांघिक उपांत्यपूर्व फेरीत जर्मनीविरुद्ध भारताचा एकमेव सामना जिंकला. भारत १-३ हरला, तो एक गुण तिचा. आणि त्यानंतर काही दिवसांतच, चोविसाव्या वर्षी, तिने व्यावसायिक खेळ सोडून अमेरिकेत शिकायला जायचं ठरवलं. तेव्हा केवढी चर्चा झाली! देशाने खर्च केला, पोर पळाली, असंही लोक लिहीत होते. मला तिचा निर्णय शंभर टक्के पटला. ऑलिंपिकला जाऊन आल्यावरही पुढच्या दहा वर्षांची खात्री नसेल आणि दुसरं काही शिकायची बुद्धी आणि इच्छा असेल, तर तिने का थांबावं? ती गेली यावर रागावण्यापेक्षा तिला थांबावंसं वाटेल असं आपण काय ठेवलं होतं, हे विचारावं. नोकरी म्हटली तरी तीत खेळ संपल्यावर तीस वर्षं फाइली पुढे सरकवायच्या असतात. सगळ्यांनाच ते का आवडावं?

दिया चितळेनेही आपला खेळ चालू ठेवला. २०२५ ला सुरतेत ती राष्ट्रीय विजेती झाली. एक राहिली, एक गेली. मला दोन्ही करियर पूर्ण वाटतात.

मग बुऱ्हाणपूरसारख्या गावातून हे जमतं का? इथे मला नैहाटी आठवतं. कोलकात्याच्या वर, हुगळीकाठचं, तागाच्या गिरण्यांच्या पट्ट्यातलं गाव. वंदे मातरम् लिहिणाऱ्या बंकिमचंद्रांचं जन्मगाव कांठालपाडा तिथलंच. सुतीर्था आणि अयहिका या मुखर्जी आडनावाच्या दोन मुली (बहिणी नव्हेत, आडनाव तेवढं एक) याच नैहाटीच्या. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत त्यांनी दुहेरीत चीनची चेन मेंग आणि वांग यिदी ही जोडी चीनमध्येच हरवली आणि पुढे कांस्यपदक घेतलं. चेन मेंग म्हणजे त्या वेळची ऑलिंपिक एकेरीची विजेती, बरं का! तिकडे सिलिगुडीही तसंच. तिथून मांतू घोष आली, सौम्यजित घोष आला. ही काही महानगरं नव्हेत. तिथे काय होतं? टिकून राहिलेला एखादा प्रशिक्षक, सपाट टेबलं आणि रोज संध्याकाळी समोर उभी राहणारी, आपल्याइतकीच चांगली दुसरी दहा पोरं. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. बुऱ्हाणपूरच्या आमच्या पोरीला समोर कोणी नाही. ती सरांशी खेळते, मुलांशी खेळते आणि फुगलेल्या कोपऱ्याशी खेळते.

आणि आता आपल्या घरात डोकावतो. दुसऱ्याच्या गावातली फुगलेली टेबलं दाखवून स्वतः शहाणं व्हायचं हे बरोबर नव्हे. गोव्यात २०२३ साली डब्ल्यूटीटी स्टार कंटेंडर स्पर्धा झाली. २०२४ च्या जानेवारीत पुन्हा झाली, म्हापशाला पेडेच्या इनडोअर स्टेडियममध्ये. जगातले नामांकित खेळाडू म्हापशात! शुक्रवारच्या बाजारात चुरीस-पाव खायला ते गेले की नाही कोण जाणे. २०२५ ला तीच स्पर्धा चेन्नईला गेली आणि तिथेच शरत कमलने निवृत्ती घेतली. स्पर्धा येतात-जातात, त्याबद्दल तक्रार नाही. लीगच्या आपल्या संघाचंही तेच. २०२३ च्या विजेत्या संघात सुरतेचा हरमीत देसाई होता, स्पेनचा आल्वारो रोब्लेस होता. नाव गोव्याचं, हात बाहेरचे. तेही समजू शकतो, लीग अशीच चालते. माझं विचारणं एवढंच, की दिवे, कॅमेरे आणि ते निळे-काळे गालिचे निघून गेल्यावर साखळीच्या, काणकोणच्या, पेडण्याच्या मुलाला संध्याकाळी सहा वाजता जाऊन खेळता येईल असं एक सपाट टेबल आणि पगारी प्रशिक्षक किती ठिकाणी आहे? मी आमच्या वाड्यापासून मोजायला सुरुवात केली. तुम्ही तुमच्याकडून करा आणि मला कळवा.

तर साडूभाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पोट भरतं, पण फार थोड्यांचं, आणि तेही खेळाने कमी, खेळामुळे मिळालेल्या नोकरीने जास्त. ती नोकरी राष्ट्रीय पातळीवर नाव लागल्याशिवाय मिळत नाही आणि नाव लागेपर्यंत सगळा खर्च तुमचा. लागेलच असं कोणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. दहावी मात्र थांबवू नका आणि टेबलही थांबवू नका. दोन्ही चालवणाऱ्या मुली मी वर सांगितल्याच. सतराव्या-अठराव्या वर्षापर्यंत बघा. माग विकू नका, कर्ज काढून तर मुळीच नाही. इंदूरला महिन्यातून एकदा नेता आलं तर न्या, जिंकायला नव्हे, सपाट टेबलाची सवय व्हायला. आणि मुलीला एकदा स्वतः विचारा. गच्चीवर आपण दोघं तासभर बोललो आणि ती जिन्यात बसून ऐकत होती, हे मला उतरताना दिसलं.

हे एवढं लिहून ठेवलं होतं, आणि पाठवायच्या आधी परवा साडूंचाच फोन आला. इंदूरला होते, स्पर्धेला. म्हटलं, काय झालं?

"एकेरीत पहिल्याच फेरीत हरली दादा. उद्या दुहेरी आहे, म्हणून थांबलोय. लॉजवाला एका रात्रीचे जास्त मागतोय, त्याच्याशीच भांडतोय. ठेवतो."